हात एका जगात, बाकीचा माणूस दुसऱ्या

कथा फसली की दृश्यं कितीही देखणी असोत, चित्रपट वायाच, हे एका लेखात वाचलेलं मत काही पटलं नाही बुवा. दिग्दर्शक ल्यूक बेसाँचा 'व्हॅलेरियन' (२०१७) हा अंतराळपट घ्या. संवाद लाकडी, आणि नायक-नायिकेचं प्रेम आहे हे ते तोंडाने सांगतात म्हणूनच आपल्याला कळतं. खलनायक तर आल्या आल्या ओळखू येतो. पण ती सुरुवात! १९७५च्या अपोलो-सोयुझ भेटीपासून (अमेरिकी आणि सोव्हिएत यानं अंतराळात जोडली गेली ती) अंतराळस्थानक वाढत जातं, दर वेळी नवा पाहुणा दारात आणि पुन्हा हस्तांदोलन. आधी माणसं, मग एकाहून एक विचित्र परग्रहवासी. आणि तो बाजार... ओसाड वाळवंटात पर्यटक डोळ्यांवर यंत्रं चढवून हवेत चाचपडतायत, दुकानं सगळी दुसऱ्या मितीत. त्यात नायकाचा हात एका खोक्यात अडकतो. हात त्या मितीत, बाकीचा माणूस इकडे धावतोय! हे सुचणं आणि दिसायला पटवणं सोपं आहे का? मूळ फ्रेंच चित्रकथा १९६७ची, त्यामुळे चित्रं आधी, कथा नंतर असं झालं असेल तर माझी तक्रार नाही. तिसऱ्यांदा पाहताना मी सरळ आवाज बंद केला. काहीही अडलं नाही.