रेफर करा, पण पहिला डोस देऊन

सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून जीवावर बेतलेल्या पेशंटला सलाईन किती द्यायचं, यावर जगभरचे डॉक्टर वीस वर्षांपासून भांडताहेत. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहे. आमच्याकडे खरा घोळ सलाईनच्या पुढचा, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसचा आहे, म्हणून लिहितेय.

तापाने बरळणारा माणूस गाडीतून उतरवला की नातेवाईक आधी म्हणतात, "सिस्टर, बाटल लावा ना लवकर!" सेप्सिसच्या उपचाराचा आंतरराष्ट्रीय नियमही तेच सांगायचा: बीपी पडलं असेल तर पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली. पन्नास किलोच्या माणसाला तीन बाटल्या. २०२१ मध्ये या नियमाचा जोर कमी केला गेला. २०२३ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात सलाईन कमी दिलं काय, जास्त दिलं काय, मृत्यू जवळपास सारखेच निघाले. झांबियातला २०१७ चा अभ्यास मला जास्त जवळचा वाटतो. तिथे ठरवून भरपूर सलाईन दिलेल्यांतले ४८ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारातले ३३ टक्के. ते बहुतेक एचआयव्हीचे पेशंट होते, हे खरं. पण जादा सलाईनने श्वास लागला तर लावायला व्हेंटिलेटरची वानवा तिथेही होती, इथेही आहे. म्हणून प्रत्येक बाटलीनंतर श्वास मोजा, छातीत घरघर वाढली का ऐका, लघवी किती झाली बघा. बीपी बघून लगेच पुढची बाटली टांगू नका.

अँटिबायोटिकचं मात्र वेगळं आहे. बीपी पडलेल्या सेप्सिसमध्ये ते पहिल्या तासातच जायला हवं, यावर फारसा वाद नाही. आणि आमचा तो तास १०८ च्या अँब्युलन्सची वाट बघण्यात आणि रस्त्यात जातो. रेफर चिठ्ठीवर "सलाईन चालू" एवढंच असतं. कपाटात सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक इंजेक्शन असतं, पण "आपण दिलं आणि काही झालं तर?" ही भीती हात धरते. साध्या तापाला इंजेक्शन टोचत सुटा असं मी म्हणत नाही, ते वाईटच. पण बीपी लागत नाही, हातपाय गार, माणूस बरळतोय, तेव्हा थांबायचं कशासाठी?

आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावच्या आरोग्यदूत बायांना जेंटामायसिन हे अँटिबायोटिक इंजेक्शन द्यायला शिकवलं. सेप्सिस झालेल्या नवजात बाळांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आले. १९९९ मध्ये हे जगापुढे आलं. गावातली बाई देऊ शकते, तर आपण का नाही?

आणि पावसाळ्यात स्क्रब टायफस, म्हणजे गवताझुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप, विसरू नका. २०१८ ला नागपूर विभागाने त्याची साथ सोसली आहे. सेफ्ट्रायॅक्सोन त्यावर चालत नाही, मेरोपेनेमसारखं भारी अँटिबायोटिकसुद्धा नाही; डॉक्सीसायक्लिन चालतं, आणि ते स्वस्त आहे. निंदणाला जाणारी बाई तापाने आली तर पडदा ओढून काखेत, जांघेत, छातीखाली, कमरेला लुगड्याच्या गाठीखाली बघा. किडा चावला तिथे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसेल. नाही दिसली तरी संशय सोडू नका.

माझी मागणी साधी आहे. पहिला डोस इथेच देण्याचा लेखी आदेश सिस्टरच्या हातात द्या, आणि रेफर चिठ्ठीवर अँटिबायोटिकचं नाव आणि दिल्याची वेळ हे दोन रकाने छापा.