रायतूरच्या सेमिनारीत पोरं राहू द्या

परवा एका मुंजीच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ म्हणाले, "राशोलची सेमिनारी केवढी थोरली, आणि आत राहणारी पोरं किती? फर्स्टक्लास हेरिटेज हॉटेल होईल बघा." तेवढ्यात खतखतं आलं आणि मी गप्प बसलो. आता लिहितो. राशोल म्हणजे आपलं गोव्यातलं रायतूर, आणि सेमिनारी म्हणजे पाद्री घडवणारी निवासी शाळा.

मी काही त्या वास्तूचा भक्त नव्हे. आमची म्हाळसा मूळ वेर्ण्याची. १५६७ साली गोव्याच्या साष्टीतली देवळं पाडण्यात पुढे होता तो दियोगु रॉड्रिग्ज, रायतूरच्या किल्ल्याचाच कप्तान. देवी जुवारी नदी ओलांडून म्हार्दोळला आली. आजी त्या गावाला रायतूरच म्हणायची, आणि तेही आवाज खाली करून. फोंड्याहून बोरीचा पूल ओलांडला की पोचतो आपण, पण मला तिथे जायला चाळिशी उलटावी लागली. गेलो तोही ख्रिस्तपुराणापायी.

मराठीची थोरवी सांगणारी फादर स्टीफन्सची ओवी शाळेत आपण सगळ्यांनी घोकलीय. ती ज्यातली ते ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं ते रायतूरला, रोमन लिपीत. जवळपास अकरा हजार ओव्या, आणि त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज सापडत नाही! कप्तानाचं गाव तेच आणि ओवीचंही तेच. हे दोन्ही एका पानात कसं वाढायचं, मला अजून कळलेलं नाही.

तर वास्तू. पायाचा दगड १६०६ चा, जेजुइट संघाच्या पाद्र्यांचा. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या जाड भिंती, मधला चौक, चौकाच्या पोटात पाण्याचं टाकं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चिरा पाणी पितो, चुन्याचा गिलावा ते हळूहळू बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते. कौल एखादंच सरकतं, पण दोन पावसाळे कुणाचं लक्ष गेलं नाही तर खालचा वासा गेलाच म्हणून समजा. आणि कौल सरकलंय हे पहिल्यांदा कुणाला कळतं? ज्याच्या उशीवर थेंब पडतो त्याला, त्याच रात्री.

हे मी अनुभवाने सांगतोय. मी ज्या वसतिगृहात शिकलो ते पोरं कमी झाली म्हणून बंद केलं. कुलूप लावलं तेव्हा छप्पर धड होतं. चौथ्या पावसाळ्यानंतर गेलो तर आमच्या खोलीतून आभाळ दिसत होतं.

जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा मनोरा बघा. ते चर्च १६०२ चं, म्हणजे राशोलच्या पाठचं-पुढचं भावंडच. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने मठ बंद केले, साधू गेले. १८४२ मध्ये आतलं छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भिंत, आणि १९३८ मध्ये अर्धा मनोरा. राशोलहून जेजुइटांना १७५९ मध्येच हाकललं होतं, पण तीनच वर्षांत तिथे धर्मप्रांताची सेमिनारी सुरू झाली आणि १८३५ च्या तडाख्यातून ती सुटली. कोकणीचा कोश करणारे मोन्सिन्योर दालगाद शिकले ते इथेच. १९९४ मध्ये ख्रिस्ती कलेचं संग्रहालयही तिथे थाटलं, ते २००१ मध्ये जुन्या गोव्याला हलवलं. पोरं मात्र होती तिथेच राहिली.

हॉटेलातही माणसं झोपतातच की, असं तुम्ही म्हणाल. झोपतात, पण थेंब पडला तर ती खोली बदलून मागतात. शिवाय प्रत्येक खोलीला न्हाणीघर हवं, एसी हवा. त्या पाइपांसाठी चारशे वर्षांच्या भिंतीला खाचा पाडणार कोण, आणि त्या बुजवणार कशाने? सिमेंटनेच ना! उद्या सेमिनारीला मुलं मिळेनाशी झाली तर भाषा शिकणाऱ्यांचं वसतिगृह करा, गावच्या शाळेला द्या. वर्षभर मुक्काम करणारं कुणीतरी आत हवं, एवढंच माझं मागणं. धर्म कुठला, हा प्रश्न कौलाला पडत नाही. मला पडतो, पण ते माझं मी बघेन.

बघायला जाणार असाल तर आधी विचारून जा, ते राहतं घर आहे. आणि गाडी मैदानात लावू नका. मी लावली होती. फुटबॉल काखेत धरून पोरं मुकाट्याने माझी वाट बघत उभी होती.