कोकम वास झाकत नाही
माशांच्या वासावरच्या लेखात 'लिंबू किंवा कोकम माशाचा वास झाकतं' असं म्हटलंय, ते पटलं नाही. झाकायचं काम आलं-लसूण करतात. आंबट पदार्थ वास मुळातून बांधून टाकतो. समुद्री मासा मेला की त्याच्या अंगातल्या ट्रायमिथाइलअमीन ऑक्साइडपासून जिवाणू ट्रायमिथाइलअमीन हा माशाच्या वासाचा पदार्थ तयार करतात. हा पदार्थ सुमारे 3 अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणून तो सरळ हवेत उडून नाकात शिरतो. पण तो अल्कधर्मी असतो. आम्लाशी गाठ पडली की त्याचा क्षार, म्हणजे मिठासारखा पदार्थ होतो, आणि क्षार उडत नाही, तिथेच पाण्यात राहतो. आमची आई बांगडे कापून झाले की चिंचेचा कोळ बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला चोळायची आणि मगच हात धुवायची. नुसत्या साबणाने जो वास जात नसे तो एका धुण्यात जायचा. साबण स्वतःच अल्कधर्मी, तो या वासाला काय बांधणार!

आणखी एक राहिलं. मोरी म्हणजे लहान शार्क मासा; तिचा उग्र वास वेगळ्याच वाटेने येतो. तिच्या मांसात यूरिया भरपूर असतो आणि मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. म्हणून मोरी शिळी झाली की नाकात झोंबते. ती ताजीच घ्यावी आणि घरी आणल्या आणल्या साफ करून आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून ठेवावी. लेखात सगळे मासे एकाच मापाने मोजलेत, निदान मोरीवर दोन ओळी हव्या होत्या.