"सरकारी बोटीत सगळे लोकल असतात ना?"

आज लंचला ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने तिचा अंदमानचा प्लॅन दाखवला. सेल्युलर जेल, मग हॅवलॉक आणि नील बेटं, बेटांवर जायला सगळीकडे प्रायव्हेट क्रूझ, एसी, पुशबॅक खुर्च्या, सीट नंबरसकट बुकिंग. मी आपलं सहज म्हटलं, अगं एक टप्पा तरी सरकारी बोटीने कर, डेकवर उभं राहता येतं, लोक भेटतात. तर नाक मुरडून म्हणते, "ई, त्यात सगळे लोकल असतात ना?"

असतात! मग कोण असायला हवं होतं? बेटांवर जायचंय पण बेटावरची माणसं नकोत?

तिथे काही बोलले नाही, म्हणून इथे बोलतेय. ज्यांना माझ्या बोटीची गोष्ट पाठ आहे त्यांनी स्क्रोल करून पुढे जा.

२०१८ च्या जानेवारीत मी एकटी पोर्ट ब्लेअरहून (हो, आता श्री विजयपुरम, पण माझ्या तोंडात बसत नाही अजून) लिटल अंदमानला, म्हणजे हट बेला निघाले होते. सरकारी बोट, सात-आठ तास. रटलंड बेटाचा आडोसा होता तोवर मी अगदी टायटॅनिक पोझमध्ये, आणि डंकन पॅसेजचा उघडा समुद्र लागल्यावर अर्ध्या तासात कठड्याला लोंबकळत. सकाळची पुरी-भाजी गेली, आदल्या रात्रीचं गेलं. खाली जाऊन आडवी होऊ म्हटलं तर मागून कुणीतरी दंड धरला. "दीदी, नीचे मत जाओ, नीचे और उल्टी होगा. दूर देखो, दूर."

हट बेजवळच्या रामकृष्णपूरची बंगाली बाई, माझ्याच वयाची. सासूला पोर्ट ब्लेअरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून परत चालली होती. सासू चटईवर गाढ झोपलेली, बोट हलो नाहीतर बुडो. तिने मला दूर बघायला लावलं आणि दूर दोन बेटं होती. "वो दोनों बहनें हैं," म्हणाली. मला वाटलं गंमत करतेय, पण खरंच त्यांचं नाव सिस्टर्स आहे! पुढे ब्रदर्स लागतात, तेही दोन. म्हणाली, भाऊ घराजवळ राहिले, बहिणी लांब दिल्या. पोटात काही नसताना मी इतकी हसले की पुन्हा उलटी होते की काय वाटलं.

मग तिने पेपरवर चुरमुरे ओतले, त्यात कच्चं मोहरीचं तेल, कांदा, मिरची. चटणी नसलेली भेळ म्हणा. त्या अवस्थेत मी ते खाल्लं आणि राहिलं पोटात.

सांगायचं काय, तर हे दीड तासाच्या क्रूझमध्ये होत नाही. तिथे ओळख व्हायच्या आत जेट्टी येते. सात तास कुठे पळणार तुम्ही? मोबाईलला रेंज नव्हती, आणि तेव्हा बेटावर उतरूनही काय दिवे लागणार होते, चेन्नईहून समुद्राखालची केबल आली २०२० च्या ऑगस्टमध्ये. मग माणूस बोलतो. पहिल्या तासाला "कहाँ से आये", तिसऱ्या तासाला नवरा काय करतो, आणि पाचव्या-सहाव्या तासाला ती आपणहून २००४ च्या त्या २६ डिसेंबरच्या, त्सुनामीच्या सकाळबद्दल बोलायला लागली. ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे.

ठीक आहे, सरकारी बोटीचं टॉयलेट भयाण असतं, मान्य. तिकिटाच्या रांगेत अर्धा दिवस जातो, तेही मान्य. आणि मला मान्य करायला आवडत नाही असं एक, की तिकिटं कमी असताना माझ्यासारखी हौशी टुरिस्ट जी जागा अडवते ती एखाद्या दवाखान्यात निघालेल्या सासूचीही असू शकते. हे तीच हसत हसत म्हणाली होती. मला लागलं होतं.

आणि आता लिहिता लिहिता राग उतरलाय तर खरं सांगूनच टाकते. २०२३ ला सासूबाईंना घेऊन गेले तेव्हा मीही प्रायव्हेटच केली. त्यांचे गुडघे, त्यांचं वय, दुसरा इलाज नव्हता. त्या बोटीत डेकवर सोडलंच नाही, गार काचेच्या पेटीत बसून हॅवलॉक आलं. शेजारच्या सीटवर नाशिकच्या बाई होत्या, फोनवर मराठीतच बोलत होत्या. दीड तासात मी त्यांना एक शब्द विचारला नाही. बॅग काढताना फक्त "एक्स्क्यूज मी" म्हटलं. मराठी बाईला! मग त्या मैत्रिणीवर कशाला डाफरतेय मी, कोण जाणे.

तरी "ई" म्हणायला नको होतं तिने.

बोटीवरच्या त्या बाईचा दुर्गापूजेला फोन येतो, दिवाळीला माझा. वादळाची बातमी आली की कुणीही कुणालाही. मगाशी तिला मेसेज टाकला, दोन बहिणींची आठवण आली म्हणून. तासभर झाला, एकच टिक आहे.

बोटीवर असेल.