ब्रेकच्या डिस्कला तेल? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या महिन्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर काकांनी एक संदेश पाठवला. ‘गाडीच्या ब्रेक डिस्कची निगा : गॅरेजवाले हे कधीच सांगणार नाहीत’ असे त्याचे शीर्षक होते, खाली सहा कलमे होती आणि शेवटी तो दहा जणांना पाठवण्याची विनंती होती. असे संदेश मी एरवी न उघडताच सोडून देतो. हाही सोडला असता, पण चौथ्या दिवशी मावसभावाचा फोन आला : “दादा, चाकातला आवाज गेला, पण गाडी थांबत नाहीये.” त्याने पहिले कलम तंतोतंत अमलात आणले होते. गाडी फाटकाच्या खांबाला टेकून थांबली. वेग चालण्याइतकाच होता, म्हणून बंपरवर निभावले. सहाही कलमे सारख्या विस्ताराने खोडून काढावीत इतकी त्यांची योग्यता नाही, त्यामुळे ज्याने खांब गाठायला लावला त्यावरच मी अधिक शब्द खर्च करणार आहे.

पहिले कलम असे : ‘ब्रेक लावताना चाकातून कर्कश आवाज येत असल्यास डिस्कवर गंज सोडवण्याचा स्प्रे किंवा दोन थेंब तेल मारावे. कंपनीसुद्धा नवी डिस्क तेल लावूनच पाठवते.’

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या चकतीला, म्हणजेच डिस्कला, कॅलिपर नावाची पकड दोन्ही बाजूंनी पॅडने दाबते, त्या घर्षणातून गाडीच्या गतीची उष्णता होते आणि गाडी थांबते. या सगळ्या यंत्रणेची भिस्त ज्या घर्षणावर आहे, तेच घालवणारा पदार्थ नेमका तिथे ओतावा असे सुचवणाऱ्याने ब्रेक कधी उघडून पाहिला असेल, असे मला वाटत नाही. त्यातही डिस्क बिडाची असल्याने ब्रेक क्लीनरने पुसून स्वच्छ करता येते, पण पॅडचे तसे नाही. पॅडचा घासला जाणारा भाग तंतू, धातूची भुकटी आणि रेझिन दाबून बनवलेला, सूक्ष्म छिद्रांचा असतो. तो तेल पिऊन बसतो आणि गरम झाला की तेच तेल पुन्हा पृष्ठभागावर सोडतो. त्यामुळे फडक्याने पुसल्यावर ब्रेक ठीक वाटला, तरी पुढच्या उतारावर तो दगा देऊ शकतो. तेल एकाच चाकाला लागले असेल तर प्रकार आणखी वाईट, कारण जोरात ब्रेक दाबताच कोरडे चाक धरते, तेलकट चाक निसटते आणि गाडी एका बाजूला ओढली जाते. तेल प्यायलेले पॅड फेकून द्यावे लागतात, आणि तेही त्या आसावरच्या दोन्ही चाकांचे.

कंपनी नव्या डिस्कवर तेलाचा पातळ थर देते, हे मात्र खरे आहे. तो साठवणीत आणि वाहतुकीत गंज चढू नये म्हणून असतो आणि डिस्क बसवण्याआधी ब्रेक क्लीनरने पूर्ण काढायचा असतो. संदेश लिहिणाऱ्याने हे वाक्य पहिल्या अर्ध्यावर सोडले आहे. ब्रेकमध्ये ग्रीसलाही जागा आहे, पण ती डिस्कवर नाही : कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिनांना आणि पॅडच्या पत्र्याचे कान ज्या खाचांत बसतात त्या खाचांना, उष्णता सोसणारे खास ब्रेकचे ग्रीस, तेही बोटाच्या टोकाला मावेल इतकेच.

आता त्या आवाजाविषयी. मी मावसभावाच्या गाडीचे पुढचे चाक काढले तेव्हा बाहेरच्या पॅडवर जवळपास ६ मिलिमीटर थर शिल्लक होता. चाकाच्या फटीतून तोच दिसतो आणि तो पाहूनच पॅड उत्तम असल्याची त्याची खात्री झाली होती. आतला पॅड काढला, तर त्यावर २ मिलिमीटरही नव्हते. कॅलिपरची खालची पीन गंजून अडकली होती, त्यामुळे कॅलिपर मोकळा सरकत नव्हता आणि बहुतेक भार आतला पॅड एकटा सोसत होता. त्या पॅडच्या कडेला नखाएवढी वाकवलेली पोलादी पट्टी असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. ती त्याचसाठी बसवलेली असते. म्हणजे इतके दिवस गाडी तिच्या परीने ‘पॅड संपला’ असे ओरडून सांगत होती आणि संदेशाच्या सल्ल्याने आम्ही तिच्या तोंडात बोळा कोंबला. आवाज आला तर चाक काढून चारही पॅड, आतले धरून, पाहावेत. एवढे केले असते तर ही कथा पिनेच्या साफसफाईवर आणि नव्या पॅडवर संपली असती.

दुसरे कलम म्हणते, ‘स्टिअरिंग थरथरते म्हणजे डिस्क उष्णतेने वाकली, ताबडतोब नवी घाला.’ इथे मला एका माणसाचा आधार पुरेसा वाटतो. फोर्डच्या जीटी-४० या शर्यतीच्या गाड्यांवर काम केलेले अभियंता कॅरल स्मिथ यांनी लिहून ठेवले आहे की, ‘वाकलेली डिस्क’ म्हणून त्यांनी तपासलेले प्रत्येक प्रकरण, मग ते शर्यतीच्या गाडीचे असो वा रस्त्यावरच्या, शेवटी डिस्कवर पॅडचा थर असमान चिकटल्याचे निघाले. डिस्क खूप तापलेली असताना गाडी थांबवून पाय पेडलवर तसाच दाबून ठेवला, तर पॅडचा ठसा एका जागी उमटतो. तो भाग पुढे वेगळा तापतो आणि थरथर वाढत जाते. दुसरे कारण याहून साधे आहे. हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाच्या, तोंडावर गंजाची खपली राहिली किंवा चाकाचे नट वेडेवाकडे आवळले, तर डिस्क किंचित तिरकी बसते, प्रत्येक फेऱ्यात पॅडला एकाच जागी हलकी घासते आणि काही हजार किलोमीटरांत तिथे पातळ होते. जाडीतला ०.०२ मिलिमीटरच्या आसपासचा फरकही पेडलला जाणवू शकतो. अशा गाडीला हब न घासता नवी डिस्क घातली, तर थरथर काही महिन्यांनी परत येते आणि दोष नव्या डिस्कवर ढकलला जातो. म्हणून आधी हब तारेच्या ब्रशने चकचकीत करावा, डिस्क बसवून डायल गेजने (सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकाने) ती फिरताना होणारे तिचे डोलणे मोजावे (ते साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आत असावे, नेमकी मर्यादा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते) आणि चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून देणाऱ्या पान्याने, आवळावेत.

तिसरे कलम : ‘पॅड बदलताना दर वेळी डिस्क लेथवर कापून घ्यावी.’ अर्धसत्य आहे, आणि मी ते नाइलाजाने मान्य करतो. जाडी भरपूर शिल्लक असेल आणि पृष्ठभागावर खोल चरे किंवा जाडीत फरक असेल, तर लेथचा उपयोग होतो. पण ‘दर वेळी’ या दोन शब्दांत सगळा घोळ आहे. समजा नवी डिस्क २२ मिलिमीटरची आणि तिची किमान जाडी २० मिलिमीटर आहे. वापरून ती २१ वर आली आणि लेथवर दोन्ही बाजूंनी पाव-पाव मिलिमीटर घेतले, तर हातात अर्धा मिलिमीटर उरतो. नवे पॅड संपायच्या आत तोही जातो. गुळगुळीत, समान झिजलेल्या डिस्कला लेथ दाखवणे म्हणजे तिचे आयुष्य पैसे देऊन कमी करणे होय.

ती किमान जाडी शोधायला कुठे जावे लागत नाही, हे या संदेशात कुठेच नाही याचे मला सर्वात जास्त आश्चर्य वाटते. बहुतेक डिस्कवर, कडेला किंवा मधल्या टोपीवर, ‘मिन टीएच’ (MIN TH, म्हणजे किमान जाडी) या अक्षरांपुढे तो आकडा कोरलेला असतो. गंज खरवडला की दिसतो. मायक्रोमीटरने कडेपासून १० ते १५ मिलिमीटर आत, गोलाकार सात-आठ ठिकाणी मोजावे. साध्या व्हर्नियरने मोजल्यास तो कडेला न झिजलेल्या ओठावर टेकतो आणि डिस्क आहे त्याहून जाड दाखवतो. सर्वांत कमी आलेले माप खरे धरावे. ते आकड्याखाली असेल, किंवा कडेपर्यंत तडा गेलेला असेल, तर आसावरच्या दोन्ही डिस्क बदलाव्यात. किती किलोमीटर झाले, हा प्रश्न त्यानंतरचा.

चौथे, ‘लांब उतार संपल्यावर डिस्कवर गार पाणी ओतावे.’ कृपा करून ओतू नये. काही शे अंशांवर तापलेल्या बिडावर गार पाणी पडले की तडे जाण्याची वाट मोकळी होते. थोडे अंतर ब्रेक न लावता गाडी चालवावी, वाऱ्याने डिस्क निवते.

पाचवे, गंज. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी जो नारिंगी थर दिसतो, तो चार-पाच वेळा ब्रेक लावला की जातो. महिनोन् महिने उभ्या गाडीच्या डिस्कला पडलेले खड्डे ही वेगळी गोष्ट आहे. सहावे कलम आरपार भोके पाडलेल्या डिस्क घालण्याचे. त्या दिसायला देखण्या असतात, पण भोकाच्या कडेपासूनच तडे सुरू होतात; रोजच्या गाडीला साधी डिस्क पुरते.

मावसभावाच्या डिस्कचे सर्वांत कमी माप २०.९ मिलिमीटर, म्हणजे कोरलेल्या आकड्याच्या वरच आले, म्हणून त्या धुऊन परत बसवल्या. पीन नवी घातली, पॅड दोन्ही चाकांचे बदलले. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरवरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावून पॅडचा थर डिस्कवर सारखा बसू दिला आणि गाडी निवेपर्यंत चालती ठेवली. काकांना मी फोन करून सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “अरे, पण आवाज तर गेला होता ना?”