घर सुरळीत चाललंय, मग समाधान वेगळं कशाला विचारायचं?

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कामं वेळेवर होतात, पैशाची ओढाताण नाही, भांडणं नाहीत, अशा घरात प्रत्येकाला ‘तू समाधानी आहेस का’ असं विचारणं म्हणजे उगाच खुसपट काढणं. असल्या प्रश्नावल्यांमुळेच माणसं नसलेली दुःखं शोधायला लागतात.

आधी भांडणांचं बघू. कुटुंबाचं कामकाज तपासणारं मॅकमास्टर प्रारूप घराची सहा अंगं पाहतं. त्यावर बेतलेली प्रश्नावली १९८३ साली आली. त्या सहांत ‘भांडणं किती’ असं वेगळं अंगच नाही. अडचण आली की ती सुटते का, मनातलं आडपडदा न ठेवता बोलता येतं का, कुणाच्या वाट्याला काय काम आहे हे स्पष्ट आहे का, अशा गोष्टी त्यात येतात. दोघं कडाकडा भांडून प्रश्न निकाली काढत असतील तर त्या घराला चांगले गुण मिळू शकतात. आणि वाद नको म्हणून एकजण वर्षानुवर्षं गप्प बसत असेल, तर तेही बाहेरून शांतच दिसतं. तुमच्या घराबद्दल बोलत नाहीये. पण ‘भांडण नाही’ एवढ्यावरून कुणालाच काही ठरवता येणार नाही.

आता मुख्य मुद्दा. घर कसं चालतं आणि त्यात राहणाऱ्याला कसं वाटतं, हे दोन निराळे प्रश्न आहेत. घर एक असलं तरी दुसऱ्या प्रश्नाला जितकी माणसं तितकी उत्तरं असतात. अमेरिकेतले डॉक्टर गॅब्रिएल स्मिलकस्टीन यांनी १९७८ मध्ये फॅमिली डॉक्टरांसाठी फक्त पाच प्रश्नांची ‘फॅमिली ॲपगार’ चाचणी काढली. अडचणीत घरच्यांची मदत मिळते का, ते माझ्याशी बोलतात का, मी काही नवं करायला निघालो तर पाठीशी उभे राहतात का, माझ्या भावना समजून घेतात का, एकमेकांसोबत वेळ जातो तो आवडतो का. प्रत्येक उत्तराला शून्य ते दोन, एकूण दहा गुण. यातला प्रत्येक प्रश्न समोरच्या एका माणसाच्या समाधानाबद्दल आहे. त्यामुळे कर्त्या माणसाने दहा दिले म्हणून घर दहाचं होत नाही. किशोरवयीन मुलं तर साधारणपणे आईवडिलांपेक्षा कमीच गुण देतात. घरातल्या सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढली की नेमकं जे कळायला हवं तेच पुसलं जातं.

प्रश्नांमुळे दुःख तयार होतं हे मला पटत नाही. विचारायच्या आधी ते नव्हतं, हे कशावरून? हां, एक शंका तुम्ही घेतली नाहीत, ती मीच घेतो, कारण ती तुमच्या आक्षेपापेक्षा भारी आहे. समाधान अपेक्षेवर ठरतं. ज्याने घराकडून काही मागणंच सोडून दिलंय, तो खुशाल दहापैकी नऊ देईल. म्हणून नुसते समाधानाचे गुण पाहून घर बरं चाललंय असं मीही म्हणणार नाही. कामकाज आणि समाधान दोन्ही विचारावं लागतं, आणि तेही प्रत्येकाला एकटं गाठून. सगळे समोर बसलेले असताना मिळालेलं ‘हो, छान चाललंय’ मी धरत नाही.

राहिला तुमचा शेवटचा टोमणा, की ज्यांचं घर विस्कटलंय तेच असले लेख वाचतात. तुम्ही तर पूर्ण वाचलात.