डीएलएस आणि टीईएम नीट आले, तरी लोह मोजायलाच हवं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एमआरआय आणि एमपीआय (चुंबकीय कणांच्याच संकेतावरून प्रतिमा काढणारी पद्धत) यांसाठी वापरल्या जाणाऱ्या लोह-ऑक्साइडच्या नॅनोकणांवरचा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि आडपडदा न ठेवता लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजणारी पद्धत) आकार व्यवस्थित येतो, टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) कण एकसारखे दिसतात, पुरवठादाराच्या माहितीपत्रकात संपृक्त चुंबकन (क्षेत्र कितीही वाढवलं तरी चुंबकन ज्यापुढे जात नाही तो आकडा) छापलेलं असतं, मग प्रत्येक बाटलीतलं लोह वेगळं मोजायचा आणि चुंबकन पुन्हा घ्यायचा खटाटोप कशाला? प्रतिमा चांगली आली की झालं. शिवाय माहितीपत्रकावरचा आकडा दुपटीहून जास्त फसवू शकतो, हे विधान तुम्हाला अतिशयोक्त वाटलं.

आधी हा शेवटचा मुद्दा घेऊ, कारण तो साध्या गणिताचा आहे. मोठ्या स्फटिकातल्या शुद्ध मॅग्नेटाइटचं संपृक्त चुंबकन खोलीच्या तापमानाला साधारण ९२ इएमयू (चुंबकत्व मोजण्याचं एकक) प्रति ग्रॅम असतं. हा ग्रॅम मॅग्नेटाइटचा. मॅग्नेटाइटमध्ये वजनाने ७२.४ टक्के लोह असतं, म्हणून तेच चुंबकन लोहाच्या ग्रॅममागे १२७ होतं. आता वाळवलेल्या भुकटीत ४० टक्के वजन डेक्स्ट्रानच्या आवरणाचं आहे असं धरा. भुकटीच्या ग्रॅममागे आकडा येतो ५५. कण तेच, यंत्र तेच. ५५, ९२ आणि १२७ तिन्ही बरोबर. फरक फक्त छेदात काय धरलं याचा, आणि बरीच माहितीपत्रकं नेमकं तेच सांगत नाहीत. ५५ आणि १२७ मध्ये २.३ पट अंतर आहे, म्हणून 'दुपटीहून जास्त' हे शब्द मी मागे घेणार नाही.

डीएलएस आणि टीईएमबद्दल. दोन्ही पद्धती उत्तम आहेत, पण दोन्ही चुंबकत्व मोजत नाहीत. डीएलएस आवरण आणि त्याला चिकटून फिरणाऱ्या पाण्यासकट अख्ख्या कणाचा व्यास देतं, आणि विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढत असल्यामुळे थोडेसे मोठे पुंजके सगळा निकाल आपल्याकडे ओढतात. टीईएम वाळलेल्या जाळीवरचे स्फटिक एकेक करून मोजतं. रेझोव्हिस्टचं उदाहरण यासाठी फार चांगलं आहे. यकृताच्या एमआरआयसाठी तयार झालेलं हे द्रव्य. ग्लाइख आणि वाइझेनेकर यांनी २००५ साली एमपीआय प्रथम दाखवलं तेही यावरच. त्यात टीईएमला ५ नॅनोमीटरच्या आसपासचे स्फटिक दिसतात आणि डीएलएस साधारण ६० नॅनोमीटर सांगतं. एमपीआयचा संकेत मात्र मुख्यतः अशा पुंजक्यांमधून येतो, जिथे अनेक स्फटिक मिळून २० नॅनोमीटरहून मोठ्या एकाच चुंबकासारखे वागतात. हा आकडा टीईएमही देत नाही आणि डीएलएसही नाही. तो चुंबकनाच्या वक्रातूनच (क्षेत्र वाढवत नेताना चुंबकन कसं बदलतं याचा आलेख) काढावा लागतो.

इतका फरक का पडतो? कण क्षेत्राला किती दाद देतो हे चुंबकीय ऊर्जा आणि उष्मीय ऊर्जा यांच्या गुणोत्तरावर ठरतं. १० मिलिटेस्ला क्षेत्रात ५ नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइट कणासाठी हे गुणोत्तर ०.०८ च्या आसपास येतं, २४ नॅनोमीटरच्या कणासाठी ८ च्या पुढे. पहिला कण जवळजवळ सरळ रेषेत वागतो आणि तिसरी हार्मोनिक (क्षेत्राच्या तिप्पट वारंवारतेचा संकेत; एमपीआय अशाच संकेतांवर चालतं) देतच नाही म्हटलं तरी चालेल. गुणोत्तर १ पेक्षा कमी असेल तिथे लोहाच्या ग्रॅममागे मिळणारी तिसरी हार्मोनिक चुंबकीय गाभ्याच्या व्यासाच्या नवव्या घाताने बदलते. म्हणजे व्यास १० टक्के जास्त धरला की संकेताचा अंदाज सुमारे १३६ टक्क्यांनी चुकतो. मोठ्या कणांना हा नियम लागू नाही. तिथे संपृक्तता येते आणि कण क्षेत्रामागे मागे पडू लागतो.

आता लोह. ही सगळ्यात स्वस्त मोजणी आणि सगळ्यात जास्त हेळसांडही हिचीच. बाटली आधी चांगली हलवा, तळाशी बसलेलं तसंच राहू देऊ नका. २० मायक्रोलिटर घ्या, पण आवरणामुळे द्रव दाट असेल तर पिपेटवर भरवसा न ठेवता वजन करा. त्यात ४८० मायक्रोलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालून, झाकण घट्ट लावून ६० अंशांवर रात्रभर ठेवा. तपकिरी रंग जाऊन स्वच्छ पिवळा आला पाहिजे. किंचित गढूळपणा असला तरी विरघळणं अर्धवट आहे. सिलिकाचं आवरण असेल तर हे बऱ्याचदा होतं. मग हायड्रॉक्सिलअमाइनने लोह फेरस करून घ्या, फेरस लोहाबरोबर लालसर रंग देणारं फेनॅन्थ्रोलीन घाला, ॲसिटेटने सामू ४ च्या जवळ आणा आणि ५० मिलिलिटरपर्यंत भरा. मूळ द्रवात मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम लोह असेल, तर आता लिटरला २ मिलिग्रॅम झालं. १ सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये ५१० नॅनोमीटरवर शोषण ०.४ च्या आसपास दिसेल. ॲसिटेट कमी पडलं तर आम्ल उरतं, रंग सावकाश चढतो आणि लोह कमी भरतं. आयसीपी-एमएस (आरगॉनच्या प्लाझ्मात नमुना टाकून अणू वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र) वापरणार असाल तर ५६ वस्तुमानावर आरगॉन-ऑक्सिजनची जोडी लोहाच्या जागी येऊन बसते, ते आधी निस्तरा.

याची तपासणी सोपी आहे. मॅग्नेटाइटचा निकाल लोहाच्या ग्रॅममागे १२७ च्या वर आला, तर चमत्कारी कण सापडले असं समजू नका. आधी लोह पुरतं विरघळलं होतं का ते पाहा.

व्हीएसएमवर (नमुना कंपवून चुंबकन मोजणारं यंत्र) कण द्रवातच मोजा. वाळवले की कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्यातली चुंबकीय ओढ वाढते आणि वक्राचा सुरुवातीचा चढ बदलतो. शरीरात जाणारा नमुना तो नव्हेच. मात्र द्रवात पाण्याची वजाबाकी आलीच. ५० मायक्रोलिटरमध्ये ५० मायक्रोग्रॅम लोह असेल, तर १ टेस्लाला एकट्या पाण्याचा उलटा संकेत कणांच्या संकेताच्या ७ टक्के भरतो, ५ टेस्लाला ३६ टक्के. म्हणून त्याच कपात, तेवढ्याच वजनाचं नुसतं पाणी भरून वेगळा वक्र घ्या. वरच्या टोकाला सरळ रेषा बसवून ती वजा करणं सोयीचं असतं, पण त्यात पृष्ठभागावरच्या वाकड्या स्पिनांचा (अणूंच्या सूक्ष्म चुंबकांचा) हळूहळू वाढणारा चुंबकनाचा वाटाही निघून जातो. आणि नमुना भरायला स्टीलचा चमचा नको, प्लास्टिकचा घ्या.

खर्चाबाबत तुमच्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे. या कामाला स्क्विड (अतिसंवाहकावर चालणारं, फार संवेदनशील चुंबकनमापक) लागतंच असं नाही. उलट अतिसंवाहक चुंबकात मोठ्या क्षेत्रानंतर काही मिलिटेस्ला अडकून राहतात आणि अतिअनुचुंबकीय नमुन्यातही (ज्यात क्षेत्र काढलं की चुंबकन उरत नाही) खोटा हिस्टेरिसिस (चुंबकन उरल्यासारखं दिसणं) दिसतो. पॅलेडियमचा तुकडा मोजून खरं क्षेत्र काढल्याशिवाय तो आकडा छापू नये. फक्त टी२-एमआरआयसाठी कण हवे असतील, तर लोह, डीएलएस आणि ३७ अंशांवर मोजलेलं आर२ (कणांमुळे पाण्याचा एमआरआय-संकेत किती झपाट्याने विझतो त्याचं माप) एवढ्यावर भागतं. आर२ सोबत क्षेत्र मात्र लिहाच.

'प्रतिमा चांगली आली की झालं' हे मला पटत नाही. फँटममध्ये (शरीराऐवजी वापरायचा चाचणी-नमुना) कण पाण्यात मोकळे फिरतात. रक्तात प्रथिनं चिकटतात, पेशीत गेल्यावर कण अडकतात, आणि ज्यांचा संकेत कणाच्या प्रत्यक्ष फिरण्यावर अवलंबून आहे त्यांची प्रतिमा तिथे फिकी पडते. ५० नॅनोमीटर बाह्य व्यासाच्या कणाला पाण्यात फिरायला सुमारे ४० मायक्रोसेकंद लागतात, आणि २५ किलोहर्ट्झच्या क्षेत्राचं एक आवर्तन तेवढ्यातच पुरं होतं. म्हणून एकाच बाटलीतून तीन नमुने करा: पाण्यात, सीरममध्ये ३७ अंशांवर २४ तास ठेवलेला, आणि मॅनिटॉलमध्ये गोठवून वाळवलेला (यात कण फिरू शकत नाहीत). तिन्हींवर कण-स्पेक्ट्रोमीटरने (प्रतिमा न काढता फक्त हार्मोनिक मोजणारं यंत्र) पाचव्या आणि तिसऱ्या हार्मोनिकचं गुणोत्तर घ्या. पातळ केल्याने हे गुणोत्तर बदलत नाही, त्यामुळे सीरममध्ये ते घसरलं तर दोष लोहाच्या प्रमाणाचा नाही, कणांचं वागणंच बदललंय. मॅनिटॉलमध्येही तेवढंच घसरलं, तर सीरममध्ये कण अडकल्याची शक्यता जास्त. मॅनिटॉलमध्ये ते टिकून राहिलं, तर सीरममध्ये पुंजके झालेत का ते आधी डीएलएसवर पाहा.